चेंबर पॅकिंग ४०० रुपयांचं, मग लेबर २,७०० कशाला?



गॅरेजच्या धंद्यात उतरू पाहणारा कोणी भेटला की मी एक प्रश्न हमखास विचारतो. "गाडीचं चेंबर गळतंय. इंजिन न उतरवता पॅकिंग बदलून द्यायचंय. किती घेशील?" समोरचा बहुतेक वेळा दोन सेकंदांत आकडा सांगतो. ८००, १,०००, फार तर १,२००. गाडी कुठली, हे विचारणारा एखादाच. तेल खरंच चेंबरमधूनच गळतंय का, हे विचारणारा त्याहून विरळा. आणि गाडी माझ्या गाळ्यात किती तास उभी राहणार, हा हिशेब तर कोणी मांडतच नाही. पैसा नेमका तिथेच जातो.

ज्यांना गाडीतलं फारसं कळत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. इंजिनाच्या तळाला पत्र्याचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं एक भांडं असतं, त्यात ऑइल साठतं. पुस्तकात त्याला ऑइल पॅन किंवा संप म्हणतात, गॅरेजमध्ये सगळे चेंबर म्हणतात. लहान पेट्रोल गाडीत त्यात तीन-साडेतीन लिटर ऑइल मावतं. भांडं आणि इंजिन यांच्यामध्ये कॉर्कचं किंवा रबराचं पॅकिंग असतं. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत तयार पॅकिंग नसतंच, नुसती सिलिकॉनची रेघ मारून भांडं बसवलेलं असतं. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन पॅकिंग कडक झालं, किंवा खालून चेंबरला मार बसला, की तेल झिरपायला लागतं आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये फरशीवर काळा डाग दिसतो. मग वॉचमन सांगतो, शेजारी सांगतात, आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं.

माझं मत सांगून टाकतो, पुढचं सगळं त्याच्याच बाजूने आहे. लहान गॅरेजने हे काम शक्य तिथे इंजिन न उतरवताच करावं. पण दर पॅकिंगच्या किमतीवर लावू नये, गाडी थांबवून ठेवायला जो वेळ लागतो त्यावर लावावा. आणि थांबायला तयार नसलेल्या गिऱ्हाइकाला हात जोडून नाही म्हणावं. शेवटचं वाक्य काही जणांना पटणार नाही, "गिऱ्हाईक कधी तोडायचं नाही" हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. मला ते या कामात मान्य नाही.

मुंबईत ही इंजिन न उतरवता काम करायची सवय टॅक्सीने लावली, असं मला वाटतं. पवईपासून कुर्ला काही लांब नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यात होता. तिथूनच आधी फियाट आणि मग तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने बाहेर पडली आणि शहराची काळी-पिवळी झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या गाड्या बऱ्याचदा दोन पाळ्यांत चालायच्या, दिवसा एक ड्रायव्हर, रात्री दुसरा. गाडी उभी म्हणजे दोन घरांचा धंदा बंद. अशा मालकाला "इंजिन खाली घेतो, चार दिवसांनी या" असं सांगून चालायचं नाही. म्हणून फुटपाथच्या कडेला गाडी उचलून, कॉर्कच्या शीटमधून पॅकिंग कापून, आहे त्या जागी चेंबर उघडणारे मिस्त्री तयार झाले. हातात कसब होतं, आणि त्या इंजिनाखाली हात घालायला जागाही होती.

आज पद्मिनीच्या जागी वॅगनआर आणि डिझायर आहे, आणि दोन पाळ्यांच्या जागी बँकेचा हप्ता आहे. घाई तीच. आमच्याकडे पावसाळा संपता संपता ही कामं वाढतात. जेव्हीएलआरवर मेट्रो ६ चे बॅरिकेड आणि खड्डे, चांदिवलीच्या आतल्या गल्ल्या, सोसायटीच्या गेटवर कोणीतरी हौसेने घातलेले उंच स्पीडब्रेकर. भरलेली गाडी त्यावरून गेली की चेंबर ठोकलं जातं. अशा ठोकलेल्या चेंबरमध्ये नुसती गळती हा प्रश्न नसतो. पत्रा आत दबून ऑइल खेचणाऱ्या जाळीला टेकला तर इंजिनाला ऑइलच कमी पडतं. तेव्हा चेंबर वरून-वरून पुसून "गळत नाही ना, चला" म्हणणारा मिस्त्री मला परवडत नाही.

आता काम नेमकं काय आहे ते बघू, कारण दर त्यातूनच निघतो.

सगळ्यात आधी गळती शोधायची. तेल वरून खाली येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत असलं तरी थेंब चेंबरच्या कडेवरूनच पडतो. ऑइल प्रेशरचा स्विच, ऑइल फिल्टर, पुढचं क्रँक सील, सगळ्यांचं तेल शेवटी तिथेच. कधी कधी तर ड्रेन बोल्टचा वॉशर गेलेला असतो, नाहीतर कोणीतरी आवळून आवळून आटे मारलेले असतात. चेंबर बदललं, दोन दिवसांनी पुन्हा डाग दिसला, की गिऱ्हाईक म्हणणार तुम्ही फसवलंत. आणि त्याचं चुकत नाही. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी आहे: इंजिन खालून-वरून धुऊन कोरडं करायचं, गाडी थोडी फिरवून आणायची, मग वरून खाली बॅटरी मारत यायचं. ओलं सगळ्यात वर जिथे दिसतं, तिथून सुरुवात. फ्लायव्हीलच्या बाजूने, गिअरबॉक्स जोडतो तिथून थेंब येत असेल तर मागच्या क्रँक सीलचा संशय घ्यायचा. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते वेगळं काम, वेगळं बिल. या तपासणीचे आम्ही ३०० रुपये घेतो आणि काम आमच्याकडे केलं तर बिलात वळते करतो. तपासणी फुकट करणाऱ्याची तपासणी दोन मिनिटांत संपते, हे मी खूप ठिकाणी पाहिलंय.

गळती चेंबरचीच निघाली, की गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर. लिफ्ट नसेल तर जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवायची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली माणूस जाता कामा नये, ना मालक, ना मिस्त्री, ना हेल्पर पोरगा. यात "दोन मिनिटांचं काम आहे" हे कारण चालत नाही. जॅक सरकायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

ऑइल काढायचं. आड येणारं उघडायचं, म्हणजे खालचं प्लॅस्टिक कव्हर, बऱ्याच गाड्यांत सायलेन्सरचा पुढचा पाइप, फ्लायव्हीलखालची पत्र्याची प्लेट. काही गाड्यांत चेंबर खाली येताना क्रॉस मेंबरला अडतं. मग इंजिनाला वरून आधार देऊन एखादं फाउंडेशन ढिलं करायचं आणि इंजिन बोटभर वर उचलायचं. उचलताना जॅक थेट चेंबरखाली लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. बोल्ट निघाले तरी सिलिकॉनने चिकटलेलं चेंबर सुटत नाही. तिथे पातळ पट्टी घालून हळूहळू कापत जायचं. पेचकस घालून उचकटलं की अ‍ॅल्युमिनियमला खाच पडते आणि त्या खाचेतून तेल आयुष्यभर येत राहतं.

इथपर्यंत दीड-दोन तास. आता लहान गॅरेजचं नुकसान जिथे होतं ती जागा आली.

इंजिन गाडीतच आहे. म्हणजे चेंबर ज्याला बसतं ती कड वर आहे आणि तिच्याही वर सगळं इंजिन तेलाने माखलेलं आहे. क्रँकवरून, भिंतींवरून, थेंब थेंब तेल खाली येतच राहतं. तुम्ही कड पुसली, स्वच्छ केली, पाच मिनिटांनी पुन्हा ओली. इंजिन बाहेर काढून उलटं केलेलं असतं तर हा प्रश्नच नव्हता. तेलकट कडेवर सिलिकॉन धरत नाही. वरून सुंदर बसल्यासारखं दिसतं आणि आठवड्याने गळतं. यावर माझ्या माहितीत एकच खात्रीचा उपाय आहे: चेंबर उघडून, खाली ट्रे ठेवून, गाडी रात्रभर तशीच ठिबकू द्यायची. सकाळी जुनं पॅकिंग खरवडायचं, क्लीनरने कड पुसायची, फडका पांढरा निघेपर्यंत पुसायची आणि लगेच बसवायचं.

बसवण्यातही घाई नडते. पत्र्याचं चेंबर असेल तर बोल्टच्या भोकांभोवती पत्रा वर आलेला असतो, आधी कोणीतरी जास्त आवळल्यामुळे. तो सपाट लाकडावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सरळ करावा लागतो, नाहीतर नवीन पॅकिंग फक्त बोल्टजवळ दाबलं जातं आणि मध्ये फट राहते. सिलिकॉन असेल तर तीन-चार मिलिमीटरची अखंड रेघ, भोकांच्या आतल्या बाजूने. बोल्ट मधून सुरू करून कडेकडे, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत. हे बोल्ट सहसा ६ मिलिमीटरचे, दहाच्या पान्याने उघडणारे असतात. त्यांना १० न्यूटन मीटरच्या आसपास ताण लागतो, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघायचा. मनगटाचा जोर पुरतो, दंडाचा लावला की पॅकिंग बाहेर येतं किंवा आटे जातात. टॉर्क पाना नाही म्हणून अंदाजे करतो म्हणणाऱ्यांनी आधी टॉर्क पाना घ्यावा, मग चेंबरला हात लावावा.

आणि मग पुन्हा थांबायचं. सिलिकॉनवर दहा-पंधरा मिनिटांत साय धरते, पण आतपर्यंत पक्कं व्हायला बहुतेक ट्यूबवर २४ तास लिहिलेले असतात. ऑइल त्यानंतर.

म्हणजे हाताचं काम चार-पाच तासांचं, आणि थांबणं दोन रात्रींचं. गिऱ्हाईक दर ठरवतं ते हाताचं काम बघून. नवीन गॅरेजवालाही तेच करतो. मग १,२०० मध्ये बसवायचं तर काय कापणार? थांबणं. दुपारी उघडायचं, चिंधीने पुसायचं, कड ओली आहे म्हणून भरपूर सिलिकॉन चोपडायचं, संध्याकाळी ऑइल भरून गाडी द्यायची.

या "भरपूर सिलिकॉन"चं काय होतं ते एका कॅबच्या निमित्ताने सांगतो. ड्रायव्हर स्वतःच मालक, हप्ता चालू. दुसरीकडून चेंबरचं काम करून घेतलं होतं, एका दुपारीत. महिन्याभराने आमच्याकडे आला तो गळतीची तक्रार घेऊन नाही. सिग्नलला गाडी उभी राहिली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, रेस केली की जातो. डिपस्टिकवर ऑइल बरोबर. आमच्या मिस्त्रींनी पहिलं वाक्य म्हटलं, "गाडी आता चालवू नका, टो करूनच हलवा." चेंबर उघडलं तर आत ऑइल खेचणाऱ्या जाळीवर सिलिकॉनचे तुकडे आणि दोरे गुंडाळलेले. बाहेरून जेवढं सिलिकॉन दाबून निघतं तेवढंच आतही निघतं, हे कोणी लक्षात घेत नाही. आतलं सुटून ऑइलमध्ये पडतं आणि पंप ते जाळीवर ओढतो. वेळेत आला म्हणून जाळी साफ करून, चेंबर नीट बसवून सुटला. अजून आठवडाभर तसाच चालवत राहिला असता तर बेअरिंग गेल्या असत्या, मग क्रँक, मग इंजिनाचं पूर्ण काम. काही हजारांत त्याला ते पडलं नसतं, आणि तेवढे दिवस कॅब बंद. १,२०० रुपयांच्या कामाची ही दुसरी बाजू आहे, आणि ती गिऱ्हाइकाला कोणी दाखवत नाही.

बरं, हिशेब करू. आकडे मी उदाहरणासाठी घेतोय, तुम्ही तुमचे टाका. समजा दोन गाड्या लावायची जागा असलेला गाळा आहे. भाडं ४५,०००, मिस्त्री २५,०००, हेल्पर १४,०००, लाइट-पाणी-किरकोळ ५,०००, आणि तुमचा स्वतःचा पगार १५,०००. स्वतःचा पगार न धरणारे खूप भेटतात, त्यांना मी सांगतो की मग तुम्ही धंदा करत नाही, गाळामालकाची नोकरी करताय. बेरीज १,०४,०००. महिन्याचे २६ दिवस, जागा दोन. एका जागेचा एका दिवसाचा खर्च २,००० रुपये. गाडी तिथे उभी राहिली की तुम्ही पाना हातात घेतला नाही तरी हे २,००० जातात.

चेंबरचं काम नीट केलं आणि वेळ नीट लावली तर जागेचा एक पूर्ण दिवस जातो, बाकीचं थांबणं रात्रीत बसतं. म्हणजे २,००० इथेच. दहात एक गाडी परत येते असं धरा. ती फुकट करून द्यायची, तिचा दिवस आणि सिलिकॉन-क्लीनर मिळून २,४००, तो बोजा दहा कामांवर वाटला की प्रत्येकी २४०. झाले २,२४०. वर २० टक्के नफा धरला की २,६८८. म्हणून २,७००. पॅकिंग, सिलिकॉन, ऑइल, फिल्टर यांचं बिल वेगळं. जीएसटी लागू असेल तर तो धरून की सोडून, हे कोटेशनवरच लिहायचं.

आता १,२०० वाल्याचा हिशेब बघा. तो प्रत्येक गाडीमागे ८०० घालवतोय, किंवा थांबण्याचा वेळ कापतोय. तिसरा मार्ग मला तरी दिसत नाही. हो, ज्याचा गाळा स्वतःचा आहे आणि जो एकटाच काम करतो त्याचा दर कमी असू शकतो, तो खोटा नाही. त्याच्याशी दरात भांडायला जाऊ नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक कामाला ठरलेले तास असतात आणि तासाचा दर असतो, तिथे कोणी घासाघीस करत नाही. आपणही आपल्या दहा-पंधरा नेहमीच्या कामांचा असा तक्ता करून भिंतीवर लावला तर निम्मी बोलाचाली वाचते.

वेळ लावणं ही यातली खरी कला आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. नोकरदार माणसाची गाडी शनिवारी संध्याकाळी घ्यायची. शनिवारी रात्री ठिबकते, रविवारी सकाळी मिस्त्री अर्धा दिवस येऊन बसवतो, त्याचे जादा पैसे द्यायचे. सोमवारी सकाळी ऑइल भरून, गाडी चालू करून, खालून बघून, अकरापर्यंत दिली. जागा बहुतेक वेळ तुमच्या सुट्टीतच अडकली. कॅबवाल्याला हे चालत नाही, त्याचा शनिवार-रविवार धंद्याचा. त्याला आठवड्याच्या मधले दिवस द्या, आणि त्याच वेळी ब्रेक, सर्व्हिसिंग, सस्पेन्शनचं राहिलेलं काम उरका, कारण गाडी तशीही उभी आहे. चेंबर बसवलं की गाडी लिफ्टवरून उतरवून ढकलून कडेला लावता येते, सिलिकॉन जमिनीवरही सुकतं. पवईत ती कड मिळणं हाच प्रश्न आहे, पण शेजारच्या गाळेवाल्याशी चांगले संबंध असले की रात्रीपुरती जागा मिळते. आमच्या शेजारी टाइल्सचं दुकान आहे, त्यांचं शटर आठला पडतं. त्यांच्या टेम्पोची किरकोळ कामं आम्ही करतो.

मग इंजिन खाली घ्यायचं कधी? गाडीची रचनाच अशी असेल की चेंबर जागेवर निघतच नाही, किंवा इंजिनाचं मोठं काम तसंही करायचंच आहे, तेव्हा. फक्त पॅकिंगसाठी इंजिन उतरवणं म्हणजे कुलंट, एसीचा गॅस, वायरिंग, ड्राइव्ह शाफ्ट, सगळ्याला हात लावणं, आणि प्रत्येक उघडलेला जोड ही नवीन तक्रारीची शक्यता. काही जण अभिमानाने सांगतात की आम्ही इंजिन बाहेर काढूनच करतो, काम पक्कं होतं. काम पक्कं होत असेल. पण एका रात्रीच्या ठिबकण्याने जे साधतं त्यासाठी गिऱ्हाइकाकडून चौपट घेणं मला पटत नाही.

आणि कधी करायचंच नाही, तेही सांगतो. बारा-पंधरा वर्षांची गाडी, चेंबरच्या कडेला नुसता ओलसरपणा, फरशीवर डाग नाही, डिपस्टिक महिन्याभरात हलत नाही. अशा काकांना मी सांगतो, "काका, आत्ता गरज नाही. दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक बघा, डाग दिसला की या." काका २,७०० न देता जातात. माझ्या गल्ल्याला त्या दिवशी तेवढा फटका बसतो. पण तेच काका पुढे त्यांच्या जावयाची गाडी पाठवतात, आणि जावई दर विचारत नाही.

नाही म्हणायचं ते मात्र दुसऱ्या गिऱ्हाइकाला. "मला संध्याकाळी गाडी पाहिजेच, तुम्ही कसंही करा, गॅरंटी नको." हे वाक्य ऐकलं की मी काम घेत नाही. गॅरंटी नको म्हणणारा माणूस गळती सुरू झाली की गॅरंटीच मागतो, आणि त्याने नाही मागितली तरी पार्किंगमध्ये त्याचा शेजारी विचारतो, "कुठे केलंत काम?" तिथे आपल्या दुकानाचं नाव निघतं. नाही म्हणताना आवाज चढवायचा नाही. "साहेब, दोन रात्री गाडी ठेवायला जमेल तेव्हा आणा, मी जागा राखून ठेवतो. तोपर्यंत ऑइल बघत राहा, कमी झालं तर हे टाका," एवढं बोलायचं आणि त्याच ग्रेडचं ऑइल लिहून द्यायचं. काही जण परत येतात. जे येत नाहीत त्यांच्यासाठी मी झोप घालवत नाही.

हे सगळं तोंडी राहिलं तर उपयोग नाही. जॉब कार्डवर आणताना गळती कुठून दिसली ते फोटोसह, कोणतं पॅकिंग किंवा सिलिकॉन वापरलं, चेंबर किती वाजता बसवलं, ऑइल किती वाजता भरलं, एवढं लिहिलेलं पाहिजे. बसवल्याची आणि ऑइल भरल्याची वेळ गिऱ्हाइकाला दाखवली की २,७०० कशाचे हा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच संपतो. आठवड्याने गाडी फुकट तपासायला बोलवायची आणि तेही कार्डावर लिहायचं. या तपासणीत सिलिकॉनवर बसवलेल्या चेंबरचे बोल्ट पुन्हा आवळू नका, सुकलेली रेघ तुटते. नुसतं पुसा आणि बघा.

लिफ्ट घ्यायची का, हे मला सारखं विचारलं जातं. मुद्रा कर्जाच्या किशोर गटात ५०,००० ते ५ लाख मिळतात, त्यात लिफ्टचा विचार करता येतो. पण अर्ज भरायच्या आधी एक महिना वही ठेवा: गाडीखालची कामं किती आली, त्यातली किती जागा नाही म्हणून सोडली. सोडलेल्या कामांच्या लेबरमधून हप्ता निघत असेल तर घ्या. शेजारच्याने घेतली म्हणून घेऊ नका.

आणि काढलेलं जुनं ऑइल. २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं, ते अधिकृत रिसायकलरकडेच गेलं पाहिजे. झाकणाचा ड्रम ठेवा, उचलणाऱ्याकडे परवानगीचा कागद आहे का बघा, पावती फाइलला लावा. रात्री गटारात ओतणारे आहेत, मला माहीत आहेत. पवई आणि विहार तलावांच्या सांडव्यातून मिठी नदी सुरू होते, आणि आपल्या भागातलं गटार शेवटी कुठे जातं हे पहिल्या जोरदार पावसात रस्त्यावर उभं राहून बघितलं की कळतं.

पुढच्या रविवारच्या व्हिडिओत आमचं जॉब कार्ड कोरं दाखवणार आहे, तुमच्या धंद्याप्रमाणे रकाने बदलून वापरा. तोपर्यंत वरच्या पद्धतीने तुमच्या एका जागेचा एका दिवसाचा खर्च काढून ठेवा. गॅरेज नसेल तर जागेऐवजी एक शिलाई मशीन, एक ओव्हन, एक खुर्ची धरा. गणित तेच आहे.